माग घेते

काही माणसांचं टोपणनाव त्यांच्या अंगाला असं चिकटतं, की खरं नाव फक्त सहीपुरतं उरतं. तिचं तसंच झालं. सगळे तिला मुकी म्हणत. ऐकणाऱ्याला वाटेल, बिचारीला वाचा नसेल. वाचा होती, आणि चांगली धारदार होती. पण ती वापरायची सवय तिला उशिरा लागली, कारण ती वाढली मागखात्यात.

मागखातं म्हणजे कापडाच्या कारखान्यातला तो लांबलचक हॉल, जिथं माग ओळीनं उभे असतात आणि दिवसभर थांबत नाहीत. दार उघडलं की आवाज आधी छातीवर येतो, मग कानात. धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो, आपटतो, परत येतो, पुन्हा आपटतो. असे सगळे माग एकदम चालले की शेजारच्या बाईनं कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथल्या बायका ओरडत नसत. त्या बोलत, पण ओठांनी. आवाज काढायचाच नाही, ओठ नीट हलवायचे, समोरचीनं डोळ्यांनी ऐकायचं. हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सासूची चुगली जायची, लेकराचा ताप जायचा, कालच्या भांडणाचा निकाल जायचा, आणि मधोमध उभ्या असलेल्या मुकादमाला त्यातलं काही समजायचं नाही.

त्या भाषेत एक गोची होती. प, ब आणि म हे तिघं ओठांवर सख्ख्या भावांसारखे दिसतात. 'बाप आला' म्हटलं की 'माप आला' का 'पाप आला' हे आपण ठरवायचं. मुकीची आई म्हणायची, मुकादमाच्या बाबतीत तिन्ही खरं धरा. आणि काही शब्द असे, की ते ओठांपर्यंत येतच नाहीत, दातांच्या आतच राहतात. त्यांना मग हाताची खूण असायची. मुकादम म्हणजे नाकाखाली फिरवलेलं बोट. 'तेच' म्हणायचं असेल तर एका तळहातावर दुसऱ्या हाताचं बोट दोनदा टेकवायचं. ही जागा, हीच जागा.

मुकी पोरवयात आईचा डबा घेऊन तिथं जायची आणि मासा पोहायला शिकतो तशी ही भाषा शिकली. घरी आल्यावरही तिचे ओठ हलायचे आणि आवाज यायचा नाही. बाप म्हणाला, "घ्या, आमच्याकडे मुकी जन्माला आली." झालं, नाव पडलं. पुढं तिचं ज्याच्याशी लग्न झालं तो कारखान्यातला जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. तो म्हातारपणापर्यंत सांगायचा, "मी विचारलं तेव्हा ही काहीतरी म्हणाली. हो म्हणाली का नको म्हणाली, मला वाचता आलं नाही. मी हो धरून चाललो."

"नको म्हणाले होते," मुकी म्हणायची.

"मग तेव्हाच जरा आवाज काढायचा होतास."

पण ही गोष्ट लग्नाची नाही. ही गोष्ट एका मागाची आहे.

खिडकीजवळच्या कोपऱ्यात एक माग होता. खिडकीचा उजेड सरळ कापडावर पडायचा, तुटलेला धागा लगेच दिसायचा, आणि दुपारी वाऱ्याची एखादी झुळूक चुकून आली तर ती तिथंच यायची. तो माग मुकीच्या वहिनीचा होता. वहिनी म्हणजे मुकीच्या थोरल्या भावाची बायको, अंगानं काटकुळी, हाताला विलक्षण चपळ. धोट्यातली सुताची कांडी संपायच्या आत तिला कळायचं. बाकीच्यांचे माग दिवसातून कितीदा तरी अडायचे, वहिनीचा अडायचा नाही. ती नणंदेला एरवी मुके म्हणायची. फक्त रागावली की 'वन्सं' म्हणायची, आणि 'वन्सं' हा शब्द आला की घरातली भांडीसुद्धा गप्प बसायची.

वहिनी बाळंतपणाला गेली. मुलगी झाली. अंगात बळ आलं तशी ती परत कामावर आली, तर तिच्या मागावर दुसरीच बाई उभी. ती दुसरी बाई म्हणजे मुकी. मुकादमानं नव्या पोरीला रिकामा माग दिला होता, आणि नव्या पोरीला नाही म्हणायची हिंमत झाली नव्हती. मुकादम वहिनीला म्हणाला, "काम पाहिजे ना? काम आहे." त्यानं तिच्या हातात झाडू दिला. मागांच्या खाली तुटक्या सुताचा कचरा साचतो, तो वाकून ओढून काढायचा. ते काम. पगार अर्थातच कामाप्रमाणे.

मुकीनं धोटा हातातून खाली ठेवला. हॉलच्या त्या टोकाला वहिनी झाडू घेऊन उभी होती. दोघींची नजरानजर झाली. वहिनीचे ओठ हलले, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून, जसं लहान मुलाला सांगावं.

"घे. माग घे."

मुकीनं माग घेतला. घरात दोघींच्या पगारावर चूल चालायची, एकीचा कमी झाला तर दुसरीचा वाढलेला बरा, हा हिशेब वहिनीनं तिथल्या तिथं केला होता. पुढं त्यावरून दोघींमध्ये कधी शब्दाला शब्द झाला नाही. पण वहिनी वाकून मुकीच्या मागाखालचा कचरा ओढायची, तेव्हा मुकी पाय बाजूला घ्यायची आणि कापडाकडे बघत राहायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मार एकीला, आणि तोंड दुसरीचं दाबलेलं.

मुकीचं राजकारण इथून सुरू झालं, असं ती पुढं कुणाला सांगायची नाही. लोकांना वाटायचं ते संडासाच्या कडीपासून सुरू झालं. तेही खोटं नव्हतं. बायकांच्या संडासाला दार होतं, दाराला कडी नव्हती. एक आत गेली की दुसरीनं बाहेर उभं राहायचं, आणि दोघी मागावर नाहीत म्हणून मुकादमानं दोघींचा पगार कापायचा. एके दिवशी मुकीनं खिडकीजवळून ओठ हलवायला सुरुवात केली. शेजारचीनं पुढं सांगितलं, तिनं त्याच्या पुढं. मुकादम मधोमध कमरेवर हात ठेवून उभा, आणि संप त्याच्या डोक्यावरून चालत गेला. जेवणाची सुट्टी संपली, भोंगा झाला, आणि एकही माग सुरू झाला नाही. म्हणतात, त्या शांततेला मुकादम इतका घाबरला की त्यानं स्वतःचे कान चाचपून बघितले.

कडी बसली. मग बायका म्हणाल्या, कडी झाली, आता रस्त्यावरच्या दिव्याचं बघ. पाळी सुटल्यावर घरी जायची वाट अंधारी होती. दिव्यासाठी नगरपालिकेत जावं लागलं. नगरपालिकेत गेल्यावर कळलं की तिथं विनंती करण्यापेक्षा निवडून जाणं सोपं. विरोधातल्या उमेदवारानं सभेत विनोद केला, "मुकीला निवडून दिलंत तर तुमच्या वतीनं बोलणार कोण?" लोक हसले. दुसऱ्या दिवशी मुकी त्याच चौकात उभी राहिली. "बोलणारे पाठवून बघितलेत ना? दिवा लागला का?" लोक तेव्हाही हसले, पण ते हसणं मतपेटीपर्यंत टिकलं.

सुतावरून स्वर्ग गाठतात तशी ती एकेक करत मोठ्या सभागृहात पोचली. तिथं गालिचे होते, आणि प्रत्येकापुढं छोटा माईक. मुकीला दोनच तऱ्हांनी बोलता येत होतं, एक बिनआवाजाचं आणि दुसरं मागावर मात करणारं. पहिल्याच भाषणात तिनं दुसरी तऱ्हा वापरली. सभापती कानावर हात ठेवून म्हणाले, "बाई, इथं कुणी बहिरं नाही."

"माहीत नाही साहेब," मुकी म्हणाली, "आमच्या अर्जांना उत्तर येत नाही, म्हणून वाटलं."

आता मूळ गोष्टीकडे येतो.

बरीच वर्षं खपून तिनं एक विधेयक उभं केलं. कामावरच्या बायकांसाठी. एकाच कामाला पुरुषाला एक पगार आणि बाईला दुसरा, हे बंद. लग्न झालं म्हणून काढून टाकणं बंद. यावर भांडणं झाली, समित्या बसल्या, उठल्या, आणि कारखानदारांची बाजू घेणारे सदस्य कुरकुरत का होईना तयार झाले. अडलं ते एका ओळीवर. बाळंतपणानंतर परत येणाऱ्या बाईला 'तेच काम परत मिळेल'. समोरचे म्हणाले, 'काम मिळेल' एवढं लिहा. 'तेच' काढा. कारखाना काय बाईची वाट बघत बसेल?

तिच्या पक्षाचे गटनेते सज्जन गृहस्थ होते. अडचण आली की चष्मा पुसायचे, आणि त्या दिवसांत त्यांचा चष्मा आरशासारखा लखलखत होता. ते म्हणाले, "ताई, हत्ती गेला आणि शेपटासाठी अडायचं? एका शब्दापायी सगळं विधेयक पडेल. मग पगारही गेला आणि सगळंच गेलं."

ते खोटं बोलत नव्हते. तिथंच तर घोळ होता.

आणि घरी वहिनीची ती मुलगी, म्हणजे मुकीची भाची, आता स्वतः खिडकीजवळच्या त्याच मागावर उभी राहत होती. मुकी राजकारणात गेली तेव्हा माग भाचीला मिळाला होता. फिरून फिरून तो वहिनीच्या घरी आला होता. आता भाचीचे दिवस भरत आले होते. नवा मुकादम तिला गोड आवाजात म्हणाला होता, "काळजी कशाला? परत आलीस की काम देऊच ना." भाचीला तो चांगला माणूस वाटला. वहिनीनं ते ऐकलं आणि हातातलं भांडं नको तितकं जोरात खाली ठेवलं.

मतदानाच्या दिवशी वहिनी मागखात्यातल्या बायकांना घेऊन सभागृहात आली. त्यांना वर प्रेक्षकांच्या सज्जात बसवलं. दारावरच्या शिपायानं नियम सांगितले. बोलायचं नाही, टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत.

वहिनीनं विचारलं, "ओठ हलवलेले चालतात का?"

शिपायाला वाटलं म्हातारी देवाचं नाव घेणार असेल. "हलवा की मावशी. आवाज नको."

खाली सभागृहात चर्चा चालू होती. मुकी आपल्या जागेवर बसली होती, पुढ्यात पाण्याचा पेला, आणि तिला गेले काही दिवस झोप अशी नव्हती. ती मनात तेच तेच उलगडत होती. एक शब्द सोडला तर हजारो बायकांना बरोबरीचा पगार मिळतो. धरून ठेवला तर कदाचित काहीच नाही. बरं, जिचा माग आपण घेतला ती कधी तक्रार करायला आली नाही. मग आपण कुणासाठी अडून बसलोय? स्वतःच्या मनाच्या बोचणीसाठी? तेवढ्यासाठी बाकीच्यांचा घास काढायचा?

गटनेते तिच्या बाजूला वाकले. "आता सभापती विचारतील. काय सांगू समोरच्यांना?"

मुकीनं डोळे मिटले, उघडले. आणि इथं तिनं अशी चूक केली, जी मागखात्यात वाढलेलं माणूसच करू जाणे. भोवती माणसं होती, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं आवाज पूर्ण काढून टाकला आणि नुसत्या ओठांनी म्हटलं, "ठीक आहे. मागे घेते."

गटनेत्यांना नीट कळलं नाही, ते "अं?" करून आणखी वाकले. पण वर सज्जात बसलेल्या बायकांसाठी तिनं जणू भोंग्यात तोंड घालून सांगितलं होतं. मुकीच्या ते लक्षात आलं. तिनं वर बघितलं.

बायका हसत होत्या.

आधी तिला समजेना. मग समजलं. अंतर लांब होतं, उजेड तिरपा होता. त्यांना 'मागे घेते' दिसलंच नव्हतं. त्यांनी वाचलं होतं, 'माग घेते'. मुकी माग घेते, म्हणजे 'तेच' सोडत नाही. बातमी बाकांवरून सरकत होती, या ओठांवरून त्या ओठांवर, आणि जिथं जिथं पोचत होती तिथं तिथं चेहरे उजळत होते. कुणीतरी तळहातावर बोट दोनदा टेकवलं. मग शेजारचीनं. मग सगळ्या सज्जात बोटं तळहातांवर टेकू लागली. तेच, तेच, तेच. सुईचासुद्धा आवाज नाही. शिपाई भिंतीला टेकून उभा होता, नियमाप्रमाणे सगळं ठीक होतं.

फक्त वहिनी हसत नव्हती. मुकीचे ओठ ती सून म्हणून घरात आली तेव्हापासून वाचत आली होती. तिला बरोबर वाचता आलं होतं. तिनं हात मांडीवर ठेवले होते आणि ती सरळ खाली बघत होती. तिच्या वरच्या दातांनी खालचा ओठ जरासा दाबला गेला आणि एकच शब्द आला.

"वन्सं."

बस. तेवढंच.

"सन्माननीय सदस्या," सभापती म्हणाले, "'तेच' या शब्दाबाबत आपण काय ठरवलंय? आपण तो..."

मुकी उठली. गटनेत्यांनी चष्मा काढला.

"माग घेते," ती म्हणाली.

सभागृहात खसखस पिकली. सभापतींनी भुवया उंचावल्या. "काय घेता? मागे घेता, असं म्हणायचंय का आपल्याला?"

जीभ घसरली होती, का आजवर वाकडी पडलेली सरळ झाली होती, ते तिला सांगता आलं नसतं. पण एकदा निघालेला धोटा मध्ये थांबत नाही, पलीकडं जाऊनच आपटतो.

"नाही साहेब. मागे घेत नाही. माग घेते म्हणाले. माझी वहिनी वर बसली आहे. बाळंतपणाहून परत आली तेव्हा तिलासुद्धा काम मिळालं होतं. कुणी नाही म्हटलं नाही. तिच्या स्वतःच्या मागाखालचा कचरा ओढायचं काम. आणि तो माग चालवत कोण होतं, तर मी. समोरचे म्हणतात काम मिळेल लिहा. काम तेव्हाही मिळालंच होतं. तेच मिळालं नव्हतं. शब्द राहील."

ती खाली बसली. गटनेते हळूच म्हणाले, "ताई, बुडालो." पण त्यांच्या आवाजात जरा हसूही होतं, बुडताना पाणी गार लागावं तसं.

मतं मागवली गेली. तिथं आधी आवाजानं मत घ्यायची रीत होती. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणायचं, नसतील त्यांनी 'नाही', आणि सभापतींनी कानानं ठरवायचं. 'होय' आलं, बरं आलं, जरासं दबकत आलं. मग समोरच्या बाकांवरून 'नाही' असं गरजलं की पेल्यातलं पाणी हललं. सभापतींनी तोंड उघडलं.

मुकी पुन्हा उभी. "साहेब, हात मोजा."

"बाई, ऐकू आलं ना सगळ्यांना?"

"मी आवाजात जन्म काढलाय साहेब. किती माणसं आहेत ते आवाजावरून कळत नाही. एक बिघडलेला माग चार चांगल्या मागांपेक्षा जास्त आवाज करतो. हात मोजा."

मागणी नियमात बसत होती. हात वर करायला सांगितलं. आणि एकेक हात वर येऊ लागला. आपल्या बाकांवरचे आले. मग मधल्या रांगेतून आले, जे कधी कुठल्या बाजूनं बोलत नसत. समोरच्या बाकांवरचा एक म्हातारा सदस्य होता, ज्याचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. त्यानं शेजाऱ्याकडं न बघता हात वर केला आणि मान खाली घालून तसाच धरून ठेवला, वर्गात उत्तर येणाऱ्या पण लाजणाऱ्या मुलासारखा. नंतर कळलं, त्याची आई कांडीखात्यात कांड्या भरायची.

मोजणी दोनदा झाली. फरक फार नव्हता. पण जिंकायला फार लागत नाही, पुरेसं लागतं. शब्द राहिला, आणि शब्दासकट सगळं विधेयक पार पडलं.

सज्जात टाळ्या झाल्या नाहीत. नियम होता. शिपायानंच पुढं लोकांना सांगितलं, की इतक्या बायका इतक्या गुपचूप रडताना आणि हसताना त्यानं कधी बघितल्या नव्हत्या, आणि त्यांना गप्प बसा म्हणावं तर त्या गप्पच होत्या.

मुकी बाहेर आली आणि पायऱ्यांवर बसली. अंगातलं सगळं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं झालं होतं, इतकं की हात हलके वाटून ती ते उलटेपालटे करून बघत होती. वहिनी तिच्याशेजारी येऊन बसली, थोडी कण्हत, गुडघ्यावर हात देऊन.

"मुके," ती म्हणाली.

तो शब्द ऐकल्यावर मुकीच्या डोळ्यांना पाणी आलं.

"तू बरोबर वाचलं होतंस," मुकी म्हणाली.

"मी वाचलं. त्या चुकल्या." वहिनीनं बायकांकडं मान वळवली. त्या बसजवळ उभ्या राहून एकमेकींना पाणी पाजत होत्या. "बरं झालं चुकल्या."

"त्यांना सांगशील?"

"काय सांगायचंय? तू तोंडानं तेच म्हणालीस ना शेवटी." वहिनीनं पिशवीतून डबा काढला. "खा आधी. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. तोंडावरून दिसतंय, तेही वाचता येतं मला."

महिन्याभरात निवडणूक आली, तीत मुकी पडली. समोरच्यांनी जोर लावला होता. जॉबर म्हणाला, "आता तरी घरात आवाज काढून बोल." ती त्या दिवशी दुपारी लवंडली ती संध्याकाळपर्यंत ढाराढूर झोपली, आणि जॉबरनं शेजाऱ्यांना दारातूनच परत पाठवलं. शब्द कायद्यात होता. तो आता तिच्या निवडून येण्यावर टांगलेला नव्हता.

भाचीला मुलगा झाला होता. ती कामावर परत जायच्या दिवशी मुकी आणि वहिनी दोघी कारखान्याच्या कुंपणाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथून मागखात्याची खिडकी दिसते. बाळ वहिनीच्या खांद्यावर होतं. आतला आवाज कुंपणापर्यंत येत होता, आणि बाळ त्यात गाढ झोपलं होतं.

खिडकीजवळच्या मागावर एक कोवळी पोरगी उभी होती, बदली म्हणून ठेवलेली. भाची तिच्यापाशी गेली. पोरीनं लगेच माग थांबवला, धोटा तिच्या हातात दिला आणि ती बाजूला झाली, पलीकडच्या मागाकडं. तिलाही तिथली जागा ठरलेली होती. नवा मुकादम लांब उभा होता. त्यानं बघितलं आणि तो दुसरीकडं बघायला लागला.

भाचीनं ताण्याच्या उभ्या धाग्यांवरून हात फिरवला. मग खिडकीबाहेर नजर टाकली. कुंपणापलीकडं आई दिसली, आत्या दिसली. तिचे ओठ हलले.

"काय म्हणाली?" वहिनीनं विचारलं. तिची नजर आता कमी झाली होती. "मागे का माग?"

मुकीनं वहिनीचा मोकळा हात ओढून घेतला, तळवा वर केला, आणि त्यावर बोट दोनदा टेकवलं.